जुनी जीटीओ घेताना आणि उभी करताना: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

ऑगस्टचा तिसरा शनिवार. डेट्रॉइटच्या उत्तरेला फर्नडेलपासून पॉन्टिॲक गावापर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५ पासून चाललेली ही ‘ड्रीम क्रूझ’. पुण्या-नाशिकहून वाहन उद्योगात कामाला आलेली बरीच मराठी मंडळी इथे आसपास राहतात, आणि हा सोहळा झाला की आठवड्याभरात कुणाचा तरी फोन येतोच: “एक मसल कार बघितलीय, रंग काय सुंदर आहे, इंजिन एका चावीत सुरू होतं. घेऊ का?”

माझं उत्तर ठरलेलं असतं. रंग आणि इंजिन या दोन गोष्टी शेवटी बघ. इंजिन बिघडलं तर बोअर करून, नवे पिस्टन टाकून पुन्हा उभं राहतं. सडलेला पत्रा मात्र पैसे खातो, वर्षं खातो आणि शेवटी हौससुद्धा खाऊन टाकतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. उदाहरणाला १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ घेते, कारण ती मी स्वतः नट-बोल्टपर्यंत खोलून परत जोडली आहे. शेव्हेल, कटलास, बुइक स्कायलार्क या जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, तिच्या सख्ख्या बहिणी. त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

कुठलं वर्ष घ्यायचं

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. जीएमचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी १९६४ साली टेम्पेस्ट ल माँ या गाडीवर ३८९ घन इंचांचं इंजिन ‘जादा पॅकेज’ म्हणून द्यायला सुरुवात केली. नियम होता मॉडेलला, पॅकेजला नव्हता. त्या पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, १९६६ मध्ये हाच आकडा ९६,९४६ वर गेला.

हा इतिहास सांगायचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. १९६४, १९६५ आणि १९७२ या वर्षांत जीटीओ हे पॅकेज होतं, स्वतंत्र मॉडेल नव्हतं. त्यामुळे त्या गाड्यांच्या व्हीआयएनवरून, म्हणजे आपल्याकडच्या चासी नंबरवरून, ती खरी जीटीओ की बिल्ले लावलेली ल माँ हे कळतच नाही. १९६६ ते १९७१ मध्ये ती स्वतंत्र मॉडेल होती आणि नंबर २४२ ने सुरू होतो. साध्या ल माँवर जीटीओचे बिल्ले, बोनेट आणि ग्रिल लावून तिप्पट भावाने विकायचा धंदा जुना आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने नंबरच साक्ष देईल अशा वर्षातली गाडी घ्यावी.

त्यातही माझा कल १९६८-६९ कडे आहे. १९६७ पासून ब्रेकचा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा झाला. त्याआधी एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. १९६८ पासून नंबराची पट्टी डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल अशी आली, आणि इंजिनावरही गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकायला सुरुवात झाली. फसवणूक पकडायला ही दोन ठिकाणं फार उपयोगी पडतात. कागदावरचे अश्वशक्तीचे आकडे मात्र मनावर घेऊ नका. १९६८ ची ३५० अश्वशक्ती ही उघड्या इंजिनाची आहे. १९७२ पासून एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा सगळं लावून मोजायला लागले, म्हणून आकडे एकदम खाली दिसतात.

घरातून निघण्याआधी

विक्रेत्याकडून तीन फोटो मागवा: डॅशवरची नंबर पट्टी, मालकीचा कागद म्हणजे टायटल, आणि इंजिनाच्या उजव्या बाजूला, पुढे, हेडच्या खाली ठोकलेली अक्षरं. जो हे फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्याचं पेट्रोलसुद्धा वाया घालवू नये.

१९६८ च्या हार्डटॉपचा नंबर २४२३७८ ने सुरू होतो. २४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८. टपाची गाडी, म्हणजे कन्व्हर्टिबल असेल तर ३७ च्या जागी ६७. पुढचं अक्षर कारखान्याचं: पी म्हणजे पॉन्टिॲक, बी म्हणजे बाल्टिमोर, झेड म्हणजे कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट.

मग पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, सगळे ज्याला पीएचएस म्हणतात, तिथे फी भरून त्या नंबराचे कागद मागवा. कारखान्याने डीलरला पाठवलेल्या मूळ बिलाच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. गाडी कुठल्या इंजिनाची, कुठल्या गिअरबॉक्सची निघाली, कुठल्या जादा गोष्टी लावून निघाली हे सगळं त्यात मिळतं. शेव्हरोलेवाल्यांना हे सुख नाही. म्हणूनच १९६९ नंतरच्या शेव्हेल एसएसमध्ये नकली गाड्यांचा एवढा सुळसुळाट आहे. बोनेटवरचा टॅकोमीटर, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, ‘एचओ’ म्हणजे जादा ताकदीचं इंजिन हे सगळं नंतर लावता येतं. बिलात नसेल तर तो त्या गाडीचा जन्मापासूनचा भाग नाही, आणि त्याचे पैसेही त्या हिशोबाने द्यायचे.

टायटलवरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच असला पाहिजे. मधल्याच कुणाकडून सही करून घेतलेला, पण स्वतःच्या नावावर कधीच न केलेला कागद पुढे सरकवत असतील तर थांबा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, टायटलवर ‘सॅल्व्हेज’चा, म्हणजे गाडी एकदा निकामी ठरवल्याचा, शिक्का आहे का, तेही बघा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलात तर गाडी घरी येऊनही आपली होत नाही.

प्रत्यक्ष पाहणी: दोन तास, जुने कपडे, एक चुंबक

सोबत न्यायचं सामान: फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं चुंबक, चांगली टॉर्च, छोटा आरसा, हलकी हातोडी आणि अंगाखाली टाकायला पुठ्ठा. दिवसा उजेडी जा. ओल्या गाडीवर कुठलाही रंग सुंदर दिसतो, म्हणून पावसात गाडी बघू नका.

पहिली जीटीओ मी बघायला गेले ती गडद हिरवी होती, आरशासारखी चकाकणारी. दाराच्या मागे, चाकाच्या कमानीवर चुंबक ठेवलं, ते चिकटलं. चार बोटं खाली सरकवलं आणि ते हातातून निसटून जमिनीवर पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. त्या जागी पत्रा नव्हताच. बोटभर जाडीची पुट्टी होती आणि तिच्यावर हजारो डॉलरचा रंग. डिकीतला गालिचा उचलला तर दोन्ही कोपऱ्यांतून खालचं गवत दिसत होतं. विक्रेता म्हणाला, “या गाड्यांना थोडं असतंच.” थोडं असतं हे खरं. पण जे असतं ते उघडं दाखवणारा विक्रेता वेगळा आणि पुट्टीखाली पुरून ठेवणारा वेगळा. मी तिथूनच परत फिरले.

या गाड्या सडतात त्या ठरलेल्या जागी, आणि याच क्रमाने बघाव्यात. सगळ्यात वाईट जागा मागच्या काचेखालची. काचेच्या चकचकीत पट्टीखाली खाच असते, तिच्यात पाणी साठतं आणि वर्षानुवर्षं मुरतं. छतावर रेक्झिनसारखं व्हिनाइलचं आवरण असेल तर ते पाणी धरून ठेवतं आणि आतला पत्रा कुरतडला जातो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून डिकीत आडवं पडून टॉर्च वर मारायची आणि काचेच्या कडेचा पत्रा आतून बघायचा. आवरणाखाली फोड आल्यासारखे उंचवटे जाणवले तर खाली गंज आहे असंच धरून चाला. तिथून पाणी डिकीत उतरतं, म्हणून डिकीच्या तळाचे दोन्ही कोपरे दुसऱ्या क्रमांकावर. मग मागच्या मडगार्डांचा खालचा भाग, पायाखालची जमीन आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे.

यानंतर चौकट, म्हणजे चासी. जीटीओचं शरीर वेगळ्या लोखंडी चौकटीवर रबरी गाद्या ठेवून बोल्टने बसवलेलं असतं. मागच्या ॲक्सलवर चौकट कमानीसारखी वर जाते, ती जागा मीठ आणि चिखल धरून ठेवते. हातोडीने हलकेच वाजवत चला. चांगलं लोखंड ‘ठण’ वाजतं, सडलेलं ‘थप’ करतं. हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही. गाद्यांच्या बोल्टभोवती भुसा पडला असेल तर तोही गंजच.

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. इथे आयुष्य काढलेली गाडी आणि ॲरिझोनात किंवा दक्षिण कॅलिफोर्नियात उभी राहिलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वाळवंटातल्या गाडीचा डॅश तडकलेला असेल, सीटा फाटलेल्या, रबर दगडासारखं झालेलं, रंग उडून पत्रा उघडा पडलेला. फोटोत ती भिकाऱ्यासारखी दिसते. तीच घ्या. सीटा आणि रबर नवं मिळतं. दोन हजार मैलांवरून ट्रेलरने आणायचा खर्चसुद्धा एका बाजूच्या पत्र्याच्या कामापेक्षा कमी पडतो.

१९६८ ची पुढची मुस्कटपट्टी मुद्दाम बघा. क्रोमचा बंपर काढून त्या वर्षी ‘एन्ड्युरा’ नावाचं लवचीक, गाडीच्याच रंगाचं नाक बसवलं होतं. ते तडकलेलं, लाटा आलेलं असेल तर दुरुस्तीला हाताचं कसब लागतं आणि चांगलं जुनं नाक स्वस्तात मिळत नाही. हेडलाइट झाकणाऱ्या जाळ्या असतील तर त्या इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उघडतात. अर्धवट उघड्या राहिल्या तर कुठेतरी नळी गळतेय, हे मात्र घरी निस्तरता येतं.

आता इंजिन. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा हात लावून बघा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघून थांबला तर व्हॉल्व्हची सीलं गेलीत. निळा धूर चालूच राहिला तर रिंगा. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट. पॉन्टिॲकच्या मागच्या मुख्य बेअरिंगचं सील मूळचं दोरीचं होतं, त्यामुळे गाडीखाली तेलाचे चार थेंब दिसले तर घाबरू नका.

पॉन्टिॲकची खास चाचणी एकच, आणि ती जरूर करा. इग्निशन बंद ठेवून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. क्रँकच्या पुढच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हाताने थोडं पुढे, मग थोडं मागे फिरवा आणि आतल्या रोटरकडे बघा. क्रँक बराच फिरतोय तरी रोटर जागचा हलत नाही, असं दिसलं तर क्रँकवरून कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारी टायमिंग चेन सैल आहे. कारखान्याने कॅमच्या चाकाचे दात नायलॉन चढवलेले दिले होते. म्हातारपणी ते नायलॉन तुटतं, तुकडे तेलाच्या टाकीत पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. मग बेअरिंगं कोरडी पडतात. चेन सैल निघाली तर ती बदलून तेलाची टाकी उघडून साफ केल्याशिवाय गाडी चालवत घरी आणायची नाही.

शेवटी नंबर जुळवा. पॉन्टिॲकची व्ही-८ इंजिनं ३२६ पासून ४५५ घन इंचांपर्यंत बाहेरून एकाच मापाची असतात. ल माँचं ३५० घन इंचांचं इंजिन बसवून आकाशी रंग दिला तर जीटीओचं ४०० घन इंचांचं म्हणून सहज खपतं. १९६८ च्या नेहमीच्या ३५० अश्वशक्तीच्या इंजिनावर मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर डब्ल्यूटी, ऑटोमॅटिक असेल तर वायएस अशी अक्षरं असतात. त्या वर्षीच्या ४०० च्या ब्लॉकचा ओतीव नंबर ९७९००७१, तो मागे डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला सापडतो. हेडच्या मधल्या एक्झॉस्ट पोर्टवर १६ दिसायला हवं. ओतीव तारखेत अक्षर महिन्याचं असतं, ए म्हणजे जानेवारी. गाडी बनल्याच्या तारखेनंतर ओतलेलं इंजिन त्या गाडीचं असूच शकत नाही. नंबर पट्टीचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे आहेत ना, तेही बघा. साधे गोल रिव्हेट दिसले तर पट्टीला कुणीतरी हात लावलाय.

मूळ इंजिन नसलेली गाडी घेऊ नये, असं मात्र मी म्हणत नाही. चालवायला गाडी हवी असेल तर घट्ट पत्र्याची, दुसऱ्या इंजिनाची खरी जीटीओ हा फार चांगला सौदा आहे. फक्त किंमत तशी लागली पाहिजे.

भाव

स्कॉट्सडेलच्या बॅरेट-जॅक्सन लिलावात दिव्यांखाली लागलेली बोली हा तुमच्या गावातल्या गाडीचा भाव नव्हे. तशाच अवस्थेतल्या गाड्या खरोखर किती रकमेला गेल्या ते ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावांच्या जुन्या निकालांत बघा. पाहणीत सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीचा खर्च लिहून तो कागद विक्रेत्यापुढे शांतपणे ठेवा. हातात जेवढे पैसे आहेत त्यातले निम्मेच गाडीवर घाला. माझ्या गाडीत पत्रा आणि रंग यांनी बाकीच्या सगळ्या कामांइतकेच पैसे घेतले, आणि ती कोरड्या भागातली होती.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस

गाडी आली की हात शिवशिवतात. पाना उचलू नका. आधी फोटो काढा, शेकड्यांनी. बोनेटखालच्या प्रत्येक नळीचे, वायरींच्या वळणांचे, दाराच्या फटींचे, कुठल्या बोल्टाखाली किती पत्र्याच्या चकत्या घातल्यात त्याचे. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, मार्कर आणि वही. जे निघेल ते पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख, वहीत नोंद. अर्धवट सोडलेल्या गाड्या विकायला निघतात त्या बहुतेक वेळा ‘सगळे पार्ट खोक्यात आहेत’ असं म्हणत. खोक्यातलं काय कुठे लागतं ते खोलणाऱ्यालाही आठवत नसतं, काम तिथेच अडकतं.

हत्यारं इंची मापाची लागतात. या गाडीवर सगळीकडे अर्धा इंच, नऊ-सोळांश असेच नट आहेत. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतोय’ म्हणून लावलात की नटाचे कोपरे गोल होतात. गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस रोज मारत राहा. गाडीखाली शिराल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, चारही बाजूंनी स्टँड लावूनच.

शरीर चौकटीवरून उचलून संपूर्ण गाडी सुटी करायची का? चौकट सडलेली नसेल तर करू नका. आधी थांबणारी, मग चालणारी, मग सुंदर, हा माझा क्रम. एक उन्हाळा चालवली की गाडी स्वतःच सांगते तिला काय हवंय, आणि चालत्या गाडीवरचा जीव उडत नाही.

ब्रेक आणि पेट्रोल

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, लोखंडी नळ्या, रबरी नळ्या, सगळं नवं. जुन्या रबरी नळीचं आतलं भोक फुगून बंद होतं. पेडल दाबलं की तेल जातं पण परत येत नाही आणि एक चाक धरून राहतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. पुढे डिस्क ब्रेक हा तेव्हा जादा पर्याय होता. ड्रमची गाडी असेल तर डिस्क लावून घ्या. सांधे शेव्हेलचेच असल्याने सामान भरपूर मिळतं. काढलेले ड्रम जपून ठेवा, पुढच्या मालकाला लागतील.

पेट्रोलची टाकी खाली उतरवून आत बघा. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. कार्बोरेटर बहुधा रॉचेस्टर क्वाड्राजेट असेल. लोक त्याला नावं ठेवतात, पण तो चांगला कार्बोरेटर आहे. चार दिवस उभी राहिल्यावर गाडी सुरू व्हायला फार वेळ घेत असेल तर त्याच्या तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपतंय. उघडून, साफ करून बुचांवर पेट्रोल सोसणारं इपॉक्सी लावलं की पुढची कटकट संपते.

पत्रा

इथे घाई केलीत तर आधीची सगळी पाहणी फुकट गेली. नवीन पत्रे छापून मिळतात: मडगार्ड, जमीन, डिकीचा तळ. छापलेला पत्रा मूळ जागी हुबेहूब बसेल असं मात्र धरू नका. वेल्डिंगच्या आधी दारं, पुढची मडगार्डं, बोनेट, डिकीचं झाकण सगळं जागेवर लावून फटी जुळवायच्या. मगच टाके मारायचे. फट आधी जुळली नाही तर नंतर पुट्टीने ती कधीच जुळत नाही. टपाची गाडी असेल तर दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करून मगच जमीन कापा, नाहीतर गाडी मधोमध वाकते.

सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठिगळासारखा चढवायचा नाही. दोन पत्र्यांमध्ये पाणी राहतं आणि पाच वर्षांनी तीच जागा पुन्हा फुटते. चांगल्या लोखंडापर्यंत कापायचं, तुकडा कडेला कड लावून बसवायचा आणि एक टाका इकडे, एक तिकडे असं गार होऊ देत वेल्ड करायचं. सलग वेल्ड ओढलात तर पत्रा तापून लाटांसारखा होतो. मागच्या काचेची खाच दुरुस्त केली की तिथे इपॉक्सी प्रायमर आणि सीलर लावा. काच बसवण्याआधी तिच्यात पाणी ओतून डिकीत टॉर्च घेऊन बसा. मी अर्धा तास बसले. उजव्या कोपऱ्यात एकच थेंब आला. ती जागा खरवडून पुन्हा बंद केली, पुन्हा पाणी ओतलं, आणि मगच काच लावली.

पुट्टी वाईट नाही. पातळ थरात, पूर्ण झालेल्या पत्र्यावर, शेवटच्या बारीक उंच-सखलपणासाठी ती हवीच.

रंग घरी मारायचा विचार असेल तर एक गोष्ट नीट ऐका. आजच्या युरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते आणि साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घिसाई आणि प्रायमरपर्यंतचं काम स्वतः करा, शेवटचा रंग बूथ असलेल्या माणसाकडून मारून घ्या. जुना रंग घासतानाही त्यात शिसं असू शकतं, लहान मुलं आसपास नकोत. एन्ड्युराच्या नाकाला रंगात लवचीकपणा आणणारं मिश्रण घालायला सांगा, नाहीतर पहिल्या हिवाळ्यात रंग तडकतो.

इंजिन

ब्लॉक आणि हेड मशीन शॉपमध्ये द्या, आणि पॉन्टिॲक केलेलं शॉप शोधा. शेव्हरोलेच्या सवयी इथे चालत नाहीत. हेडांना व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी त्या बऱ्या. कनेक्टिंग रॉड कारखान्याचे ओतीव आहेत. इंजिन उघडलंच आहे तर घडीव रॉड घाला, ओतीव तुटला तर तो ब्लॉक फोडूनच बाहेर येतो. मूळ कॉम्प्रेशन १०.७५ ला १ होतं. ते तेव्हाच्या शिशाच्या पेट्रोलवर ठीक होतं, आजच्या पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर चढाला इंजिन ठोके देतं. खोलगट पिस्टन घालून कॉम्प्रेशन साडेनऊच्या आत आणा. कागदावरची थोडी ताकद जाईल, रस्त्यावर ती जाणवणारसुद्धा नाही. नायलॉनच्या दातांचं चाक अर्थातच बाहेर. वॉटर पंपामागची पातळ पत्र्याची विभाजक ताटली पंपाच्या पात्यांजवळ आहे ना ते बघा. तिथे अंतर जास्त राहिलं की नवीन रेडिएटर टाकूनही इंजिन तापतं आणि कारण कुणाला सापडत नाही.

पहिल्यांदा सुरू करणं हा सगळ्यात नाजूक वेळ. चपट्या टॅपेटचा कॅम नवा असेल तर त्याचं भवितव्य पहिल्या वीस मिनिटांत ठरतं. आजच्या गाड्यांच्या तेलात झिंक कमी असतं. झिंक भरपूर असलेलं, नव्या कॅमसाठीचं तेल घाला. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, पॉन्टिॲकमध्ये घड्याळाच्या उलट दिशेला. दोन्ही बाजूंच्या रॉकरवर तेल चढलेलं दिसेपर्यंत. कार्बोरेटर भरा, टायमिंग अचूक लावा, शेजारी एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा करा. सुरू होताच २,००० ते २,५०० फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं कमी-जास्त करत तिथेच ठेवा. मंद चालू द्यायची नाही. गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा सुरू करून लगेच तेवढ्याच फेऱ्यांवर न्या. नंतर ते तेल आणि फिल्टर लगेच बदला. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. चमकणारा भुसा नसेल तर कॅम वाचला.

वायरिंग आणि आतलं काम

पन्नास वर्षं जुन्या वायरीला ठिगळं लावण्यापेक्षा नवा तयार हार्नेस घ्या. इंजिन, चौकट आणि शरीर यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या रंगावर नाही, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर बसवा. मिणमिणणारे दिवे आणि वेड्यासारखे फिरणारे काटे बहुतेक वेळा एवढ्यानेच ठीक होतात. सीटा, गालिचा, दारांचे पॅनेल सगळ्यात शेवटी, गळती पूर्ण थांबल्यावर.

रस्त्यावर

विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे ठरलेली रक्कम आधीच लिहून दिलेली. साध्या विम्यात अपघातानंतर ते तिला जुनी गाडी म्हणून घसारा लावतील. मिशिगनमध्ये ऐतिहासिक नंबरप्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर गाडी फक्त संमेलनं, प्रदर्शनं अशा कामांसाठी काढता येते. ऑगस्ट महिन्यात मात्र या प्लेटवरही गाडी मोकळेपणाने चालवता येते. आठवड्याला चालवायची असेल तर साधी प्लेट घ्या.

पहिल्या पन्नास मैलांनी चाकांचे नट, सायलेन्सरचे बोल्ट, शरीराच्या गाद्यांचे बोल्ट पुन्हा आवळा. पाचशे मैलांनी पुन्हा तेल बदला. ऑक्टोबरअखेर, रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत, टाकी काठोकाठ भरून इथेनॉलसाठीचं स्टॅबिलायझर घाला, दहा मैल चालवून ते कार्बोरेटरपर्यंत पोचू द्या, बॅटरी सोडवा आणि सायलेन्सरच्या तोंडात जाळी खोचा, उंदीर आत घर करतात. एप्रिलमध्ये ती जाळी काढायची आठवण राहावी म्हणून मी तिला लाल फडकं बांधते आणि फडक्याचं दुसरं टोक स्टिअरिंगला.